गुंजेची चौथी खोड

“आता तंग आवळू नकोस, बेटा. पोट फुगवलंय तिनं.”

इब्राहिमचाचांनी माझं मनगट धरून मला थांबवलं. खोगिराचा पट्टा घोडीच्या पोटाखालून घेऊन मी जोर लावून ओढत होते. गुंजा समोरच्या बाभळीकडे पाहत उभी होती, या सगळ्या प्रकाराशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं.

“हवा भरून ठेवते आत. आपण आवळलं की सोडून देते. मग पट्टा ढिला, आणि शंभर पावलांवर तू खोगिरासकट हिच्या पोटाखाली. एक चक्कर मारून आण, मग आवळ.”

मी तिला अंगणातून फिरवून आणलं. तिनं मोठा सुस्कारा टाकला. पट्टा दोन भोकं पुढं सरकला.

“ही एक झाली,” चाचा म्हणाले आणि त्यांनी करंगळी दुमडली. “ध्यानात ठेव. हौदावर सांगायचीय.”

भाऊ, म्हणजे माझे वडील, श्रावणात गेले होते. मी बंगळुरूहून पोचले तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते. तेराव्यानंतर मी घर आवरलं. भांडी मामेबहिणीला दिली, पुस्तकं शाळेला दिली, कपडे दोन बोचक्यांत बांधले. तीन दिवसांत सगळं झालं. एवढ्या वर्षांचा संसार तीन दिवसांत आवरता येतो याचं मला तेव्हा फक्त बरं वाटलं होतं. गुंजेचं काय करायचं तेवढं राहिलं.

गुंजा ही भाऊंची घोडी. गुंजेच्या दाण्यासारखी लाल, आयाळ आणि शेपूट काळी, बांधा ठेंगणा, खूर दगडासारखे. भीमेच्या खोऱ्यातली जुनी जात, असं भाऊ म्हणायचे. गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी फोनवर म्हटलं होतं, “या वयात घोडी कशाला?” ते म्हणाले होते, “सकाळी उठायला काहीतरी कारण पाहिजे.” मी तो विनोद समजले होते.

चार महिने गुंजा चाचांच्या दारात होती. चाचा नालबंद. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घोड्याच्या खुरांना त्यांनी नाल ठोकलेली. तालुक्याचा एक बँडवाला तिला वरातीसाठी मागत होता, आणि दिगूकाका तिला ठेवून घ्यायला तयार होते. दिगंबर खलाटे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, भाऊंचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा स्वतःचा राजा आता म्हातारा झाला होता, एका डोळ्यात सारा पडून दिसेनासं झालं होतं. मला वाटलं होतं, फोनवर हो म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण चाचांनी अट घातली.

“दोर असा फोनवर देत नाहीत. घोडं देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनी दोर धरायचा, देणाऱ्यानं एकेक खोड मोठ्यानं सांगायची, घेणाऱ्यानं मान्य म्हणायचं. मग सोडायचा.”

“पण चाचा, तिच्या खोडी तुम्हालाच माहीत. तुम्हीच सांगा की.”

“मला तिचे खूर माहीत. पाठीवर बसणाऱ्याला वेगळी घोडी दिसते. माधव गेला, आता मालक तू. एक दिवस बस, फिर, बघ, मग दे. खोड लपवलेला दोर मी माझ्यासमोर कुणाला देऊ दिलेला नाही. उद्या पडला कुणी तर ते देणाऱ्याच्या डोक्यावर. नसेल जमत तर बँडवाल्याला दे. तो विचारत नाही.”

म्हणून मी मार्गशीर्षात आले. हे तिघं दोस्त दरवर्षी मार्गशीर्षातल्या एका दिवशी आमच्या गावाहून निघून कुरणातून दिगूकाकांच्या वाडीपर्यंत घोड्यांवर जायचे. त्याच वाटेनं जायचं ठरलं. वाडीच्या वेशीवर दगडी हौद आहे, तिथं दोर द्यायचा, आणि तिथूनच मी संध्याकाळची बस पकडायची. दहावीनंतर मी घोड्यावर बसले नव्हते. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते.

“सुटली का गाडी?” दिगूकाका राजावर बसून फाटकाशी आले. डोक्याला मफलर, अंगात खाकी स्वेटर. “सात वाजून पाच मिन्टं झाली. तुजा बाप असता तर डेपोत तक्रार केली असती.”

“कंडक्टरच नवीन आहे,” चाचा आपल्या तट्टावर चढत म्हणाले.

“मग घंटी मार की गं, हेमे!”

मी टाच लावली. गुंजा माझी दखल न घेता त्या दोघांच्या मधोमध जाऊन चालू लागली. ती तिची जागा होती. भाऊंची.

गाव संपलं, ऊस संपला आणि कुरण सुरू झालं. पुण्याच्या सरदारांच्या पागा पूर्वी पावसाळ्यानंतर इथं चरायला सोडत, असं म्हणतात. आता वनखात्याची पाटी होती, मोडलेलं तारेचं कुंपण होतं, आणि त्यापलीकडं नजर पोचेल तिथवर वाळलेलं सोनेरी गवत. उंची घोड्याच्या गुडघ्याएवढी. मधून कुठं बोर, कुठं हिवर. लांबवर एक धनगर मेंढरं घेऊन चालला होता. तेवढा सोडला तर माणूस नव्हतं. खोगीर कुरकुरत होतं आणि गवत रिकिबीतल्या पावलांना घासत होतं. मला वाटलं, भाऊ माणसांत राहायला इथं येत नसावेत. मग वाटलं, उलटही असेल; ही दोन माणसं होतीच.

“तू लई गुणाची पोर हायेस, हेमा,” दिगूकाका एकाएकी म्हणाले.

“मी काय केलं?”

“आता काय केलं म्हनती. आगं, दरवर्षी ह्या वाटंवर तुजा बाप तुज्याशी फोनवर बोलायचा का न्हाई? त्या चिलारीच्या टेकडीवर. तितंच रेंज येती. तू बोलशील तवर आमचा खाली च्या व्हायचा. अर्धा अर्धा तास! आमी म्हनायचो, एवडी मोठी हापिसर बाई, पर बापासाटी अर्धा तास काडती.”

मार्गशीर्षात एकदा भाऊंचा फोन यायचा खरा. एरवी ते रविवारी संध्याकाळी करायचे. हा मात्र कामाच्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमाराला. ते घोड्यावरून करतात हेही मला माहीत नव्हतं. “सहज केला,” म्हणायचे.

“तुजा बाप बघून शिकलो मी,” दिगूकाका सांगत होते. “आमचा प्रदीप मस्कतला. आदी म्या फोन करायचोच न्हाई, म्हनलं, त्याला गरज आसंल तर करील. मग तुजा बाप बगितला. माणूस लेकीशी बोलतोय, हसतोय, हातवारे करतोय. म्हनलं, दिग्या, तुला काय धाड भरलीय? आता दर रविवारी फोन. तासभर सोडत न्हाई प्रदीप मला.”

“तासभर,” चाचा म्हणाले.

“मग! कदी कदी जास्तीच.”

चाचांनी तट्टाच्या मानेवरची माशी हाकलली. मी हसल्यासारखं केलं आणि पुढं पाहत राहिले. खोटं मी बोलले नव्हते. नाही, असंही म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात तारेला अडकलेला निळ्या प्लॅस्टिकचा तुकडा वाऱ्यानं फडफडला. गुंजा एकदम आडवी सरकली. मी तिच्या गळ्याला मिठी मारून कशीबशी टिकले.

“ब्रेक! ब्रेक दाब!” दिगूकाका ओरडले.

“निळ्याला बुजते,” चाचा शांतपणे म्हणाले. “पांढऱ्याला नाही, काळ्याला नाही. निळ्यालाच. दोन.” आणि त्यांनी दुसरं बोट दुमडलं.

तिसरी खोड ओढ्यात कळली. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. गुंजा मधोमध थांबली, पुढच्या पायानं पाणी उडवायला लागली, आणि मला वाटलं, खेळतेय. “उतर! उतर! बसतेय ती!” असं दोघं एकदम ओरडले तोवर तिचे पुढचे गुडघे वाकले होते. मी कमरेपर्यंत भिजले. दिगूकाका हसता हसता राजावरून पडायचे राहिले.

“माधवला पहिल्या वर्षी आडवाच केला होता. चष्मा गेला त्याचा इथं,” चाचा म्हणाले.

“मला म्हणाले होते, चष्मा बसमध्ये विसरला,” मी म्हटलं.

“लेकीला कोण सांगंल, घोडीनं आंघोळ घातली म्हनून!”

मीही हसले. भाऊ गेल्यापासूनचं ते पहिलं हसणं असावं. ओल्या कपड्यांना गार वारा लागत होता आणि चाचांची तीन बोटं दुमडलेली होती. मला वाटलं, झालं. तीन खोडी. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा प्रवास.

साडेदहाच्या सुमाराला टेकडी दिसली. टेकडी म्हणजे उंचवटाच, अंगावर चिलारीची काटेरी जाळी आणि माथ्यावर एक झिजलेला दगड उभा. पायवाट तिला वळसा घालून जात होती. राजा आणि तट्टू वळशाला लागले. गुंजा लागली नाही. ती वाट सोडून सरळ टेकडी चढायला लागली. मी लगाम ओढला तर तिनं मान खाली घालून तो माझ्या हातातून सहज काढून घेतला.

“जाऊ दे तिला,” खालून दिगूकाका ओरडले. “सवय हाय. आमी च्या ठेवतो. लाव कुनाला तरी फोन!” ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हसणं मध्येच थांबलं आणि ते राजाच्या खोगिराला बांधलेली किटली सोडायला लागले.

माथ्यावर दगडाजवळ गुंजा थांबली. वीरगळ होता तो. घोड्यावरचा माणूस अजून ओळखू येत होता, पण त्याचं तोंड पावसानं धुऊन गेलं होतं. तिथून सगळं कुरण दिसत होतं, गवतावरून सरकणारी ढगांची सावली दिसत होती, आणि कुठंही कुणी नव्हतं. खाली तीन काळवंडलेल्या दगडांच्या चुलीशी दोन म्हातारे वाकले होते. तेही इथून फार लहान दिसत होते.

मी टाच मारली. गुंजा हलली नाही. मी खाली उतरून लगाम ओढला. पाय रोवून ती उभी. चुचकारलं, रागावले, खिशातला गूळ दाखवला. गूळ तिनं खाल्ला.

चाचा चहाचा पेला घेऊन वर आले.

“किती वेळ थांबायचे भाऊ इथं?” मी विचारलं.

“अर्धा तास. दिगू बोलला ना.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी. गेल्या साली तर पाऊण तास झाला. चहा दोनदा गरम करावा लागला.” त्यांनी पेला माझ्या हातात दिला. माझ्याकडं न पाहता ते म्हणाले, “दिगू तेव्हा खाली म्हणत होता, हेमा लईच गप्पा मारती यंदा.” आणि ते उतरून गेले.

मी वीरगळाच्या चौथऱ्यावर बसले.

दरवर्षी मी तो फोन घ्यायचे. “भाऊ, मीटिंगमध्ये आहे. महत्त्वाचं आहे का?” “नाही नाही. सहज केला.” “मग मी नंतर करते हं.” “कर, कर. बरं, ठेवतो. जेवून घे.” सकाळी साडेदहाला जेवून घे काय म्हणतात, असं माझ्या मनात यायचं. तेवढंच. पूर्ण एक मिनिटही नाही. नंतर मी कधी केला असेन, कधी नसेन. आणि गेल्या वर्षी टेबलावर फोन थरथरला तेव्हा मी तो पालथा ठेवला होता. घेतलाच नव्हता. संध्याकाळी निरोप पाठवला, कामात होते, उद्या करते. दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी निघालं.

पाऊण तास.

पेल्यावर साय आली. गुंजा तशीच उभी होती, पूर्वेकडं तोंड करून, एक मागचा पाय सैल सोडून, बराच वेळ थांबायचं असलं की घोडे उभे राहतात तशी. मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग खिशातून फोन काढला, ओला झाला नाही ना ते पाहायला. दोन काड्या रेंज होती.

तिचा एक कान माझ्याकडं वळला.

मी फोन खाली केला. कान परत पुढं गेला. मी फोन कानाशी नेला. कान वळला, आणि या वेळी तिनं मानही थोडी वळवली. वाट पाहत होती.

“भाऊ,” मी म्हटलं. आवाज फार मोठा आला. खाली ऐकू गेला असेल म्हणून मी दगडाकडं तोंड केलं. “भाऊ, हेमा बोलतेय.”

फोनमध्ये अर्थातच काही नव्हतं. सुरू करतानाच चमत्कारिक वाटलं, पण थांबताही येईना. सांगितलं की घर आवरलं, की चष्म्याची गोष्ट आज कळली, की ओढ्याला पाणी आहे आणि बोरं अजून पिकली नाहीत. की पुस्तकं शाळेला दिली, पण तुम्ही समासात पेन्सिलीनं लिहिलेली दोन माझ्याकडं ठेवलीत. की मी पोचले तेव्हा तुमचे पाय गार होते. खाली दिगूकाका कशावर तरी हसले. मला वाटत होतं, बोलायला काही नसेल. पण बरंच होतं. ऊन दगडावरून सरकून माझ्या गुडघ्यांवर आलं तरी मी बोलत होते.

मग संपलं. मी म्हटलं, “बरं, ठेवते आता. जेवून घ्या.”

गुंजेचे दोन्ही कान माझ्याकडं होते. पण ती हलली नाही.

मी परत म्हटलं, “ठेवते, भाऊ.” नाही.

तेव्हा मला कळलं, की तिला माझं वाक्य माहीत नाही. तिनं ते कधी ऐकलेलं नाही. तिला दुसऱ्या बाजूचं माहीत आहे. मी खोगिरावर बसले, लगाम सैल सोडला, आणि फोन कानाशी धरून म्हटलं,

“बरं, ठेवतो. जेवून घे.”

‘घे’ म्हणेस्तोवर ती उतरायला लागली होती.

खाली दिगूकाकांनी विचारलं, “कुनाला लावला व्हता एवडा?”

“होतं एक माणूस,” मी म्हटलं. चाचांनी चूल पायानं विझवली. त्यांची तीन बोटं दुमडलेली होती. चौथं त्यांनी दुमडलं नाही.

हौदावर आम्ही चारच्या सुमाराला पोचलो. जुना घडीव दगडी हौद, काठावर घोड्यांच्या माना घासून गुळगुळीत झालेल्या खाचा. घोडी पाणी प्यायली. चाचांनी गुंजेचा लगाम काढला, गळ्यात साधा सुती दोर बांधला, त्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि मधला भाग दिगूकाकांच्या. काकांनी मफलर काढून खांद्यावर टाकला.

“बोल, बेटा. मोठ्यानं.”

“तंग आवळताना पोट फुगवते.”

“मान्य. म्या बी फुगवतो, वजन करताना.”

“निळ्या रंगाच्या प्लॅस्टिकला बुजते.”

“मान्य. वाडीत निळी ताडपत्री कुनाच्या घरावर ठिवत न्हाई आता.”

“पाण्यात बसते.”

“मान्य, मान्य. तुजा तमाशा बगितला की डोळ्यानं.”

“आणखी?” चाचा म्हणाले.

दोर माझ्या तळव्यात किंचित ओलसर झाला होता. दिगूकाका आनंदात होते, त्यांचा दुसरा हात आधीच गुंजेच्या मानेवर फिरत होता. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. रस्त्यापलीकडं बस थांबा दिसत होता. पुढच्या मार्गशीर्षात हा माणूस एकटा त्या टेकडीवर असता, सत्तरीच्या पुढचा, आणि घोडी हलली नसती. त्यानं काठी उगारली असती. ते मला दिसलं. पण सांगितलं तर उघडे पडणारे भाऊही दिसले.

“हेमा,” चाचा म्हणाले. “आणखी आहे का?”

“आहे. चिलारीच्या टेकडीवर थांबते. अर्धा तास.”

“हात्तिच्या! ती काय खोड हाय? तुज्या फोनची सवय लागलीय तिला.”

“दिगूकाका, माझा फोन अर्ध्या तासाचा नसायचा.”

“म्हंजे?”

“मी मिनिटभर बोलायचे. तेवढंही नाही. मीटिंगमध्ये आहे, म्हणायचे. गेल्या वर्षी मी उचललाच नव्हता.”

दिगूकाका माझ्याकडं पाहत राहिले. मग मोठ्यानं म्हणाले, “छ्या! काय बी सांगती. या कानांनी ऐकलाय मी. हसायचा तो! गेल्या वर्साला तर चष्म्याची काडी मोडल्याचं सांगत व्हता तुला, म्या खालनं ऐकलं. इब्राहिम, तू सांग की हिला.”

चाचांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

“तीन-चार सालाखाली मी काडेपेटी न्यायला वर गेलो होतो,” ते म्हणाले. “माझी पेटी त्याच्या खिशात राहिली होती. त्याची पाठ माझ्याकडं. फोन कानाला, बोलणं चाललेलं. आणि त्या कानाला लावलेला फोन वाजला.”

दिगूकाकांचा गुंजेच्या मानेवर फिरणारा हात थांबला. चाचा पुढं सांगत राहिले.

“कुठल्या कंपनीचा होता. गाणं लावायचंय का, असलं काहीतरी. त्यानं तो बंद केला, परत कानाला लावला, आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं. ‘तर काय सांगत होतो, हेमे’ म्हणून. मी पेटी न घेताच खाली आलो. तुला सांगितलं, अजून बोलतोय. तू म्हणालास, मग चहा उतरवू नको.”

“मग तो… कुनाशी बोलायचा?”

“घोडी होती की तिथं,” चाचा म्हणाले.

गुंजा हौदातलं पाणी ओठांनी उगाच हलवत होती. दिगूकाकांनी हातातल्या दोराकडं पाहिलं. मला वाटलं, ते रागावतील. माझ्यावर रागावायला हवं होतं त्यांनी. मी त्याच्यासाठी तयार होते, कदाचित वाटही पाहत होते.

“प्रदीप पाच मिन्टं बोलतो,” ते म्हणाले. आवाज एसटीतला नव्हता. “त्यातली तीन मिन्टं सूनबाई. तासभर म्हंजे… आता माधवला काय सांगायचं? त्याची लेक अर्धा तास बोलती, आन् माजा पोरगा…” त्यांनी मफलरनं तोंड पुसलं. “लबाड! लबाड भामट्या! मला नऊ वर्सं खोटं बोलायला लावलं त्यानं.”

चाचा जोरात हसले. मग दिगूकाकाही हसले, डोळे पुसत. मी हसले नाही, पण दोर धरून उभी राहिले.

“खोड पुरी सांग,” चाचा म्हणाले. “नुसती थांबते म्हणून भागत नाही. हलते कशी?”

“फोन कानाला लावायचा,” मी म्हटलं. “तिच्याकडं पाठ केली तरी चालते. पण बोलायचं. खरं बोलायचं, मनात येईल ते. ती ऐकते. आणि संपलं की म्हणायचं, ‘बरं, ठेवतो. जेवून घे.’ तेवढ्यानंच हलते. मारून हलत नाही. तिला मारायचं नाही.”

दिगूकाकांनी ते शब्द ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिले, रस्त्याचा नवा थांबा पाठ करावा तसे.

“मान्य,” ते म्हणाले.

मी दोर सोडला.

बस वेळेवर आली. खिडकीतून हौद दिसत होता तोवर मी पाहिलं. राजा पुढं, त्याच्या मागून गुंजा, आणि दोघांच्या मधोमध पायी चालणारे दिगूकाका. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. तिचं काही चुकलं नाही. तिची-माझी ओळख एका दिवसाची.

त्याला आता अकरा वर्षं झाली. गुंजा त्यानंतर सहा वर्षं जगली. त्या सहाही वर्षांत, मार्गशीर्षातल्या एका सकाळी, साडेदहाच्या सुमाराला माझा फोन वाजला. मी जे चाललं असेल त्यातून उठायचे आणि ऑफिसच्या मागच्या जिन्यात जाऊन बसायचे. “हेमे, आलोय वर,” दिगूकाका म्हणायचे. “ही हलत न्हाई. बोल कायतरी.” वाऱ्यामुळं निम्मं ऐकू यायचं नाही. ते पाण्याचं सांगायचे, बोरांचं सांगायचे, इब्राहिमचाचांच्या गुडघ्यांचं सांगायचे, प्रदीप यंदा आला नाही ते सांगायचे. मीही सांगायचे. अर्धा तास व्हायचा.

मग ते म्हणायचे, “बरं, ठेवतो. जेवून घे.”

पण त्यांना फोन बंद करायचं सुचायचं नाही, तसाच खिशात टाकायचे. मीही बंद करत नसे. त्या जिन्यात एकटी बसून, फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहायचे. आधी खोगीर कुरकुरायचं, मग खडी घसरायची, मग टापा. उताराला लागलेल्या, सावकाश, एकेक. त्या ऐकू येईनाशा झाल्या की मी उठायचे.